कारकीर्द संपली, असं लिहू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगभरच्या लोकसंगीतावर लेख होता. त्यात इंग्लंडचे गायक आणि गिटारवादक निक जोन्स यांच्यावर तीन ओळी होत्या. मराठी पेपरात हे नाव वाचून मला इतका आनंद झाला की मी लगेच कात्रण कापून ठेवलं. पण तिसरी ओळ डोक्यातून जाईना. '१९८२ च्या अपघाताने त्यांची कारकीर्द संपली', असं त्या ओळीत आहे. ते खरं नाही, म्हणून हे पत्र.

मी फिजिओथेरपिस्ट. एकोणीस वर्षं इंग्लंडच्या पूर्व भागातल्या एका सरकारी रुग्णालयात, डोक्याला मार लागलेल्या पेशंटांच्या वॉर्डात काम केलं. आता निवृत्त होऊन मिरजेला माहेरच्या घरी राहते. 'आता सगळं संपलं' हे वाक्य मी त्या वॉर्डाच्या दारात असंख्य वेळा ऐकलं आहे. ते ऐकण्याची मला सवय कधीच झाली नाही.

निक जोन्स मला कळले ते एका पेशंटमुळे. साठीचे गृहस्थ, शिडीवरून पडलेले, वाचा गेलेली. त्यांची बायको रोज दुपारी एक छोटा टेपरेकॉर्डर आणि एकच कॅसेट घेऊन यायची. कॅसेटवर पेन्सिलने गायकाचं नाव आणि '८१' एवढंच लिहिलेलं. नवऱ्याने ती फोक क्लबात पहिल्या रांगेत बसून स्वतः टेप केली होती. हे क्लब म्हणजे पबची माडी किंवा मागची खोली. पन्नास-साठ खुर्च्या, बहुतेकदा माइकसुद्धा नाही. आधी गावातलेच दोघंतिघं हौशी गाणार, मग पाहुणा गायक, मध्यंतरात लॉटरीची तिकिटं. त्या टेपवर ग्लास ठेवल्याचे आवाज आहेत, कुणाचा तरी खोकला आहे आणि गाणं सुरू होण्याआधी बराच वेळ तारा जुळवणं चाललंय.

मग ती गिटार सुरू होते. मला तोवर गिटार म्हणजे झणझण वाजवायची हेच माहीत होतं. इथे एकच माणूस खर्ज धरतोय, वर सूर काढतोय आणि मधेच उजव्या हाताने तारांवर अशी थाप मारतोय की कुणी शेजारी बसून ठेका देतंय असं वाटावं. गाणं होतं 'द लिटल पॉट स्टोव्ह'. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर व्हेल मारणाऱ्या बोटींची डागडुजी चाललीये. इंजिनच्या अंधाऱ्या खोलीत हाडं गोठवणारी थंडी. तेलकट चिंध्या आणि कोळसा जाळून पेटवलेल्या एवढ्याशा शेगडीभोवती कामगार कोंडाळं करून बसलेत. हे लिहिणारे हॅरी रॉबर्टसन स्वतः व्हेलच्या बोटींवर काम केलेले होते, म्हणून त्यात एक शब्दही उगाच नाही. ध्रुवपद आलं की टेपवरची सगळी खोली गायला लागते. आणि माझ्या पेशंटचे ओठ हलायचे. पाणी मागता न येणारा माणूस त्या ओळी शब्दांसकट म्हणायचा. बोलणं गेलं तरी गाणं शाबूत राहू शकतं, हे आमच्या कामात नवीन नाही. पण त्या दिवशी मी हातातलं काम सोडून उभी राहिले होते.

पुढे त्या बाईंनीच मला बाकीचं सांगितलं, आणि मग मी मिळेल ते वाचत-ऐकत गेले. निक जोन्स यांचा जन्म ९ जानेवारी १९४७ चा, केंटमधल्या ऑर्पिंग्टनचा. वाढले एसेक्समधल्या ब्रेंटवुडला. पोरवयात त्यांना वेड होतं ते 'द शॅडोज' या पॉप बँडमधल्या हँक मार्विनच्या इलेक्ट्रिक गिटारीचं, लोकगीतांचं नव्हे. 'द हॅलियर्ड' नावाच्या तिघांच्या गटात ते शिरले आणि तिथे त्यांना जुन्या छापील गाण्यांचा नाद लागला. पूर्वी इंग्लंडात एकेका सुट्ट्या कागदावर गाणी छापून रस्त्यावर, बाजारात विकत. त्या कागदांवर शब्द असत, चाल नसे. ही मंडळी त्या शब्दांना नव्या चाली लावत. १९७० साली निक यांची स्वतःची पहिली तबकडी आली, आणखी तीन निघाल्या. १९८० मध्ये टॉपिक रेकॉर्ड्सने 'पेंग्विन एग्ज' काढली. 'मेलडी मेकर' साप्ताहिकाने ती त्या वर्षीची सर्वोत्तम फोक तबकडी ठरवली.

तिच्यातलं पहिलं गाणं 'कॅनडी-आय-ओ'. प्रियकराच्या मागे जायला एक मुलगी खलाशाचे कपडे घालून जहाजावर चढते. खलाशांना ते कळतं, ते तिला समुद्रात टाकायला निघतात, कप्तान तिला वाचवतो. १९९२ मध्ये बॉब डिलनने हेच गाणं ध्वनिमुद्रित केलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. डिलनच्या वाजवण्यावर निक जोन्स यांच्या गिटारीची छाप ऐकू येईल.

आता तो अपघात. २६ फेब्रुवारी १९८२, वय पस्तीस. डर्बीशायरमधल्या ग्लॉसपच्या फोक क्लबात गाऊन रात्री एकटेच गाडी चालवत घरी निघाले होते. पीटरबरोजवळ विटांच्या कारखान्यातून बाहेर येणाऱ्या ट्रकवर गाडी आदळली. कितीतरी हाडं मोडली, मेंदूला इजा झाली. सहा आठवडे कोमा, आठ महिने रुग्णालय.

तुमच्या लेखकाने इथे पूर्णविराम दिला. माझं काम नेमकं इथून सुरू व्हायचं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सहा आठवडे कोमात राहिलेल्या माणसाला आधी मान सावरायला शिकवावं लागतं. मग घोटभर पाणी गिळायला. मग पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसायला. शर्टाचं एक बटण लावायला एखाद्याची सकाळ जाते, आणि ते लागलं की नर्सेस टाळ्या वाजवतात. बोटांचं तर विचारूच नका. शेजारचं बोट न हलवता एकच बोट उचलणं ही त्यात सगळ्यात उशिरा येणारी गोष्ट, आणि त्यांच्या गिटारीत सगळं त्यावरच होतं. ती गिटार त्यांना पूर्वीसारखी पुन्हा वाजवता आली नाही. हे नुकसान मोठं आहे, ते मी कमी करून सांगत नाही.

पण मधल्या काळात काय घडलं पाहा. पहिल्या चारही तबकड्या कित्येक वर्षं बाजारात नव्हत्या, त्यांचे हक्क दुसऱ्यांकडे होते. त्यांच्या पत्नी ज्युलिया यांनी क्लबातल्या, मित्रांच्या, रेडिओच्या जुन्या टेप गोळा केल्या. देशभर पहिल्या रांगेत बसून कुणी ना कुणी टेप केलंच होतं, माझ्या पेशंटने केलं तसं. त्यातून १९९८ मध्ये 'इन सर्च ऑफ निक जोन्स' निघाली, २००१ मध्ये 'अनअर्थ्ड', २००६ मध्ये 'गेम सेट मॅच'. अपघात झाला तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती ती पोरं या टेप ऐकून गिटार शिकली.

२०१० मध्ये डेव्हनमधल्या सिडमथच्या महोत्सवात त्यांच्या सन्मानाचा कार्यक्रम झाला. तिथे अठ्ठावीस वर्षांनी ते स्वतः लोकांसमोर गायले. २०१२ मध्ये वॉरिक, केंब्रिज अशा मोठ्या महोत्सवांत कार्यक्रम झाले. शेजारी गिटारवर त्यांचा मुलगा जो. बापाच्या बोटांतलं जे गेलं ते पोराने ऐकून ऐकून स्वतःच्या हातात आणलं होतं. निक फक्त गायचे. आवाज जाडसर झालेला, पण शब्दांवरचा तो जोर तसाच. नुसती जुनी गाणीही नाहीत, अपघातानंतर स्वतः रचलेलीही त्यात होती. आणि ३० जानेवारी २०१३ ला बीबीसी रेडिओ २ ने त्यांना वर्षातले सर्वोत्तम फोक गायक म्हणून गौरवलं. आधीच्या पुण्याईचा पुरस्कार नव्हे, त्या वर्षीच्या गाण्याचा. समारंभ ग्लासगोला झाला. पेशंट कोमात किती खोल आहे हे आम्ही ज्या मोजपट्टीवर मोजतो, तीन ते पंधरा गुण, ती 'ग्लासगो कोमा स्केल' १९७४ मध्ये याच ग्लासगोत तयार झाली. रोज त्या गावाचं नाव मी केसपेपरवर लिहीत होते. त्यामुळे ती बातमी वाचताना माझे डोळे भरून आले.

ती कॅसेट आता माझ्याकडे आहे. पेशंट गेल्यावर त्यांच्या बायकोने ती मला दिली. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत तंबोरे करणाऱ्या एका कारागिरांना ऐकवली. इंग्रजी त्यांना येत नाही. डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, खर्ज ढिला लावलाय यांनी. म्हणून तार एवढी बोलते." बरोबर आहे. निक जोन्स गिटारच्या तारा नेहमीच्या पट्टीपेक्षा बऱ्याच खाली उतरवून जुळवत. मग त्यांनी विचारलं, "अजून गातात का हे?" मी त्यांना २०१२ ची हकीकत सांगितली, तर दुकानातल्या पोराला हाक मारून त्यालाही ऐकायला बसवलं.

तेव्हा संपादक महोदय, एवढीच विनंती. पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा. अपघाताने गिटार गेली, असं लिहा. आणि त्याच्या पुढे २०१० चं सिडमथ, २०१३ चं ग्लासगो आणि जो या मुलाचं नाव तेवढं घाला. जागा कमी असेल तर माझ्या पत्रातलं बाकी सगळं कापलं तरी चालेल.

कळावे,
आपली वाचक,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, मिरज