वेंबनाड किती खोल उरले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीत महाराष्ट्रातून अलेप्पीला हाऊसबोटीत राहायला जाणाऱ्यांची परतल्यावर एक तक्रार हमखास असते. पाणी कमी आणि जलपर्णीच जास्त दिसली. त्यावर उपायही लगेच सुचवला जातो : सरकारने गाळ उपसावा. अलेप्पीजवळच्या वेंबनाड सरोवराच्या दुखण्याचे निदान इतके सोपे असते तर बरे झाले असते.

केरळच्या मत्स्य व सागर अध्ययन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार १९०० साली ३६५ चौरस किलोमीटर असलेले हे सरोवर २०२० मध्ये २०६.३० चौरस किलोमीटरवर आले. बातम्यांचा मथळा होतो तो याच आकड्याचा. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक गंभीर आहे. पाणी साठवण्याची क्षमता २,६१७.५ दशलक्ष घनमीटरवरून ३८७.८७ वर घसरली. आपल्या हिशेबात सांगायचे तर ९२ टीएमसीचे (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) १४ टीएमसीदेखील उरले नाहीत. आता साठ्याला क्षेत्रफळाने भागून पाहा. सरासरी खोली तेव्हा ७.२ मीटर येते, आज १.९. तळाशी उभ्या राहिलेल्या माणसाने हात वर केला तर बोटे पाण्याबाहेर दिसतील. नकाशावर सरोवर जेवढे आक्रसलेले दिसते त्याहून किती तरी जास्त ते उथळ झाले आहे.

क्षेत्र घटले त्याला मुख्यतः भातशेती कारण आहे. दक्षिणेकडचा कुट्टनाड हा सरोवरातूनच काढलेला मुलूख. नारळाच्या खोडांचे खुंट दोन रांगांत तळात ठोकायचे, आतून बांबूचे तट्टे लावायचे, मध्ये फांद्या, वाळू आणि सरोवराच्याच तळातली चिकणमाती भरायची, आणि असा बांध चारी बाजूंनी जुळला की आतले पाणी उपसून टाकायचे. एकोणिसाव्या शतकात हा उद्योग वाढला. कोचीन बंदर गाळाने भरेल या धास्तीने १९०३ मध्ये त्रावणकोर दरबारला त्यावर बंदी घालावी लागली. १९१२ पासून तो पुन्हा सुरू झाला आणि १९४० च्या दशकातल्या धान्यटंचाईत सरोवराच्या ऐन पोटात मोठमोठे पट्टे काढले गेले. पायाने फिरवायच्या रहाटांची जागा ‘पेट्टी-परा’ने घेतली होती. हा लाकडी पेटी आणि उभ्या पिंपाचा पंप. तो पाणी फार उंच चढवत नाही, पण उपसतो भरपूर. ही शेते समुद्रसपाटीखाली असल्याने तो आजही दरवर्षी चालवावा लागतो. समुद्रसपाटीखालच्या या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. तो योग्यच आहे. या पत्राचा रोख शेतकऱ्यावर नाही.

अडचण हंगामाची आहे. गोव्यातल्या खाजणात किंवा रायगडच्या खारेपाटात, म्हणजे समुद्राचे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीत, भात पावसाळ्यात होते. पाऊस जमिनीतला खार धुऊन काढतो आणि पीक त्याच्या आधारावर निघते. कुट्टनाडची शेते पावसाळ्यात पुराखाली असतात. त्यामुळे मुख्य पीक, ज्याला तिथे ‘पुंजा’ म्हणतात, नोव्हेंबरच्या आसपास पेरून मार्चमध्ये कापतात. नेमक्या याच महिन्यांत नद्या रोडावतात आणि समुद्र आत सरकतो. जमिनीतल्या ओलाव्याची क्षारता ३ डेसिसीमेन प्रति मीटर (क्षारतेचे एकक) याच्या वर गेली की भाताचे उत्पादन घटू लागते, पुढच्या प्रत्येक एककामागे सुमारे १२ टक्क्यांनी. समुद्राच्या पाण्याची क्षारता याच मापाने ५० च्या घरात असते.

म्हणून तण्णीरमुक्कम येथे, सरोवर जिथे निमुळते होते तिथे, सुमारे सव्वा किलोमीटरचा खारबंधारा घातला. दोन टप्पे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत झाले. मधला तिसरा टप्पा चार दशके रखडला आणि तिथे मातीचा बांध टाकून काम भागवले गेले. २८ दरवाजांचा तो टप्पा २०१८ मध्ये पूर्ण झाल्यावर एकूण दरवाजे ९० झाले. कागदावरचे वेळापत्रक असे : १५ डिसेंबरला बंद, १५ मार्चला उघडे.

प्रत्यक्षात दरवाजे उघडायला अनेकदा एप्रिल उजाडतो, कधी त्याहीपुढचा महिना. कारण तपशिलात आहे. इथले भात साधारण १२० दिवसांचे. कोकणातल्या रहूसारखे मोड आलेले बियाणे चिखलात फेकतात. १५ मार्चला शेत मोकळे हवे तर १५ नोव्हेंबरपर्यंत पेरणी उरकायला हवी, म्हणजे ऑक्टोबरातच बांध दुरुस्त आणि उपसा सुरू. इथेच गाडी अडते. उशिराच्या पावसात एखाद्या बांधाला खांड पडते. कुठे रानटी भात इतके माजते की पहिली पेरणी मोडून दुसरी करावी लागते. कापणीची यंत्रे बरीचशी तमिळनाडूतून येतात आणि ती सर्वांना एकाच आठवड्यात हवी असतात. सामाईक बांधातल्या शेतांच्या गटाला तिथे ‘पाडशेखरम’ म्हणतात. सर्वांत मागे पडलेल्या पाडशेखरमचे भात कापून होईपर्यंत दरवाजे उघडू नयेत असा दबाव येतो. एका गटाच्या तीन आठवड्यांच्या दिरंगाईपायी बंधाऱ्यामागचे सगळे पाणी कोंडून राहते.

कोंडलेल्या पाण्याचे काय होते? भरती-ओहोटीने रोज होणारी धुलाई थांबते. मीनच्चिल, मणिमला, पंपा आणि अच्चनकोविल या चार नद्या बंधाऱ्याच्या दक्षिणेला येऊन मिळतात. त्यांचा गाळ, शेतातली खते व कीटकनाशके आणि हाऊसबोटींचा मैला, सगळे तिथेच बसते. जलपर्णी खाऱ्या पाण्यात जगत नाही. पूर्वी दर उन्हाळ्यात ती आपोआप मरत असे, आता तिला ऐन वाढीच्या काळात गोडे पाणी मिळते आणि मेली की तीही तळाशी जाऊन थर वाढवते. बंधाऱ्यामागे खोली कमी होण्याचे हे एक मोठे कारण आहे. गाळ उपसून काही वर्षे बरे दिसेल, पण दरवाजांचे वेळापत्रक तेच राहिले तर गाळ पुन्हा बसणारच.

मासळीचा हिशेब वेगळा. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, जिच्यासाठी तिथल्या हॉटेलांत रांगा लागतात, तिची मादी अंडी घेऊन निमखाऱ्या पाण्याकडे उतरते. पिल्लांना दर लिटरमागे १२ ग्रॅमच्या आसपास क्षार लागतो, मोठी झाली की ती परत नदीत चढतात. बंद दरवाजा ही वाट दोन्हीकडून अडवतो. काळ्या शिंपल्याच्या प्रजननालाही पाण्यातल्या खाराची चढउतार लागते. करिमीन, म्हणजे आपला कालुंदर, मात्र गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत निभावतो. पर्यटकाच्या ताटात तो दिसतो म्हणून सगळे आलबेल आहे असे समजू नये.

२०१८ च्या पुराबद्दल केंद्रीय जल आयोगाच्या अहवालात लिहिले आहे की १५ ते १७ ऑगस्ट या तीन दिवसांत याच चार नद्यांतून सुमारे १.६३ अब्ज घनमीटर पाणी आले आणि वेंबनाडची ते सामावण्याची क्षमता ०.६ अब्ज घनमीटर होती. १.६३ म्हणजे सुमारे ५७.५ टीएमसी, खडकवासला साखळीतल्या चारही धरणांच्या साठ्याच्या जवळजवळ दुप्पट. हे पाणी थेट समुद्रात सोडण्यासाठी तोट्टप्पल्लीचा सांडवा १९५५ मध्येच बांधलेला आहे. त्याची योजलेली क्षमता ६४ हजार क्युसेक, वाहतात साधारण २२ हजार. दरवाजे पुरेसे आहेत. त्यांच्याकडे येणारा कालवा ठरल्याइतका रुंद केला नाही, आणि समुद्राच्या तोंडाशी वाळूचा दांडा साठतो तो वेळेवर कापला जात नाही.

खारेपाटातली उघाडी किंवा गोव्यातली मानस, म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा, आठवून पाहा. ओहोटीला झडप पाण्याच्या रेट्याने बाहेर उघडते आणि भरतीला आपोआप मिटते. दिवसातून दोनदा, कुणाच्या आदेशाविना. मानशीपाशी मासळी इतकी मिळते की तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. तण्णीरमुक्कमचे दरवाजे मात्र वर्षातून एकदा खाली जातात आणि एकदा वर येतात. वेंबनाडच्याच उत्तरेला पोक्कली शेतकरी पावसाळ्यात खार सोसणारे भात घेतात आणि नोव्हेंबरपासून त्याच शेतात खारे पाणी घेऊन कोळंबी वाढवतात. खोल कुट्टनाडला ही रीत जशीच्या तशी लागू होणार नाही, याची जाणीव आहे.

कुट्टनाडला जमेल ते कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानच्या १,८४० कोटी रुपयांच्या कुट्टनाड पॅकेजमध्ये २००७ पासून लिहून ठेवले आहे : सगळ्या पाडशेखरमांना एकच पीक-दिनदर्शिका. त्याला दोन गोष्टी जोडाव्यात. १५ नोव्हेंबरनंतर पेरणी करणाऱ्या गटाला आधीच लेखी कळवावे की त्याच्यासाठी दरवाजे थांबणार नाहीत, आणि त्या गटाला पीकविम्यातून किंवा थेट भरपाई द्यावी. एका गटाची भरपाई सरोवराचा गाळ उपसण्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल. दुसरे, ९० दरवाजे एकाच दिवशी वर-खाली करण्याची सक्ती कशाला? फेब्रुवारीच्या अखेरीपासून भांगेच्या दिवसांत, जेव्हा भरती लहान असते, मधले काही दरवाजे ओहोटीला उघडून भरतीआधी मिटता येतील. खारे पाणी जड असल्याने तळातून शिरते. म्हणून क्षारता वर आणि तळाशी अशी दोन्हीकडे मोजावी आणि रोजचे आकडे बंधाऱ्यावरच फलकावर लावावेत. शेतकरी आणि मच्छीमार, दोघांनाही ते वाचता येतील.

— एक वाचक, पुणे