ऑनलाइन लिलावात भाग घेणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व नाणेसंग्राहक सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी गेल्या महिन्यात ऑनलाइन लिलावातील एका जुन्या, उत्तम अभिप्राय असलेल्या विक्रेत्याला पैसे पाठवले. ते खाते मूळ मालकाच्या हातून आधीच भामट्यांच्या हाती गेलेले होते. वर्षानुवर्षे किरकोळ टपाल तिकिटे विकणाऱ्या खात्यावर एकाएकी सोन्याच्या मोहरा दिसू लागल्या, हीच खरी खूण होती. आपलेही खाते असेच जाऊ शकते.

म्हणून येत्या रविवारी सकाळी १० वाजता, मासिक बैठकीच्या नेहमीच्या जागी, प्रत्येकाची खाते-सुरक्षा तपासली जाईल. मोबाइल सोबत आणावा. तोपर्यंत:

• लिलावाच्या खात्याचा पासवर्ड बदलून द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एका टप्प्याची ओळख-तपासणी) सुरू करावी. ईमेलचा पासवर्ड वेगळाच ठेवावा, कारण ईमेल हाती लागला की लिलावाचे खाते मिळवणे सोपे जाते.
• "पहिला खरेदीदार मागे हटला, थेट पैसे पाठवा" अशा निरोपाला उत्तर देऊ नये. संकेतस्थळाबाहेर पैसे दिल्यास खरेदीदाराचे संरक्षण सहसा मिळत नाही.
• ओटीपी कोणालाही, अगदी आम्हालाही, सांगू नये.

फसवणूक झाल्यास संकोच न करता तत्काळ १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर कळवावे आणि बँकेलाही सांगावे. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

– कार्यवाह