पाठलागाच्या गणितांची अशी वाट लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आल्या की आपल्या पेपरात फिजिक्सचे सोडवलेले प्रश्न येतात, त्यात एक गाडी दुसरीला कधी गाठेल हा प्रश्न ठरलेलाच आणि पद्धतही ठरलेली, फॉर्म्युला लिहा, किमती घाला, उत्तराखाली दोन रेघा मारा. मी मुलांना हाच विषय शिकवतो म्हणून अगदी कळकळीने लिहितोय, असं नका करू. गतीच्या अख्ख्या धड्यात डोकं चालवायला लावणारं याच्याइतकं दुसरं काहीच नाहीये.

साधं उदाहरण घ्या. सिग्नल हिरवा झाला, थांबलेली कार दर सेकंदाला वेग 2.5 मीटर प्रतिसेकंदाने वाढवत निघाली आणि त्याच क्षणी शेजारून एक ट्रक ताशी 54 किमीच्या एकसारख्या वेगाने पुढे गेला. कार त्याला कधी गाठेल? 54 ला 5/18 ने गुणलं की 15 मीटर प्रतिसेकंद, इथपर्यंत सगळी पोरं येतात. पुढे मात्र बरीच जण कारचा वेग 15 झाला की गाठलं असं धरतात आणि 6 सेकंद लिहून मोकळी होतात. अरे पण त्या 6 सेकंदांत ट्रक 90 मीटर गेलाय आणि कार जेमतेम 45, म्हणजे वेग सारखे झाले तो क्षण गाठण्याचा नाहीच, उलट तेव्हाच दोघांतलं अंतर सगळ्यात जास्त आहे! तोवर ट्रक जास्त वेगात होता म्हणून अंतर वाढत होतं, तिथून पुढे ते कमी व्हायला लागतं आणि 12 व्या सेकंदाला 180 मीटरवर दोघं बरोबरीत येतात.

त्या वेळी कारचा वेग 30, ट्रकच्या बरोब्बर दुप्पट. आणि त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वाढणारा वेग, कितीही घ्या, दोघं एकाच क्षणी एकाच जागेवरून निघाले आणि कार थांबलेली होती तर दुप्पटच येणार. का ते वेग-काळ आलेखात बघा. ट्रकचा आयत, कारचा त्रिकोण, दोघांचा पाया म्हणजे वेळ एकच, क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर तेही सारखंच, मग त्रिकोणाची उंची आयताच्या दुप्पट असल्याशिवाय जमणारच कसं? पोराला हे एकदा दिसलं ना की त्याचा चेहराच बदलतो. कार 2 सेकंद उशिरा निघाली तर हा दुपटीचा नियम राहत नाही, कारण आता पाया सारखा नाही, तेव्हा कारची वेळ काढताना ट्रकच्या वेळेतून 2 वजा करायचे, घड्याळ दोघांना एकच ठेवायचं.

दुसरं, उत्तर ‘गाठणारच नाही’ असं येणारी गणितं कुणी छापतच नाही. बस थांब्यावरून 1 च्या त्वरणाने सुटली आणि एक माणूस तिच्या 20 मीटर मागून 6 मीटर प्रतिसेकंदाने धावतोय. वर्गसमीकरण मांडा, विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या, ऋण येतो, म्हणजे गाठण्याची वेळच निघत नाही. पोरं घाबरतात, आपलं चुकलं म्हणून सगळं खोडतात, पण काहीही चुकलेलं नसतं, 6 व्या सेकंदाला तो माणूस 2 मीटरवर पोचतो आणि मग बस दूरच जाते. तोच 16 मीटर मागे असता तर 4 आणि 8 अशी दोन उत्तरं आली असती, 4 ला तो बसपाशी पोचला, थांबला नाही, तसाच धावत पुढे गेला आणि 8 ला बसने त्याला मागे टाकलं. आणि 18 मीटरला नेमकं एकच उत्तर, 6, जेमतेम गाठणं! विवेचकाचा अर्थ इतका स्पष्ट मला तरी दुसरीकडे कुठे दिसत नाही.

सापेक्ष वेगाचंही तेच. 30 मीटर प्रतिसेकंदाने जाणाऱ्या कारला 50 मीटर पुढे 15 ने चाललेला ट्रक दिसला, धडक टाळायला किती मंदन, म्हणजे दर सेकंदाला किती वेग कमी करायला हवा? निव्वळ फॉर्म्युलावाला 30 चा वर्ग घेतो, अंतराच्या दुपटीने म्हणजे 100 ने भागतो आणि 9 काढतो. पण ट्रकही पुढे सरकतोय, त्याच्या दृष्टीने कार फक्त 15 ने येतेय, म्हणून 2.25 पुरेसं आहे. चौपट फरक पडला की हो!

तर विनंती एवढीच की सोडवलेल्या प्रश्नासोबत आलेख छापा आणि आलेल्या उत्तराचा रस्त्यावर अर्थ काय ते एका ओळीत लिहा. जागा कमी पडत असेल तर दहाच्या जागी दोनच प्रश्न द्या, त्यातला एक न गाठण्याचा असू द्या.

आपला,
एक फिजिक्स शिक्षक