सायली कोल्हापूरला येतेय त्या निमित्तानं

कोल्हापूर,
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

प्रिय संपत,

सायलीला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश मिळाल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मागं ट्रॅक्टर चालू होता. मी दहा मिनिटं बोललो, तू 'बरं, बरं' म्हणत राहिलास आणि शेवटी विचारलंस, "म्हंजे नक्की करायचं काय?" म्हणून आज खिचडी खाऊन कागद घेऊन बसलोय. तुझं वाचून झालं की पत्र तिच्या पिशवीत टाक.

आवार ८५३ एकराचं आहे. आपल्या वाडीचं बागायत-जिरायत धरलं तरी मला वाटतं जागा उरेल. स्टँडवरून केएमटीची बस मिळते. समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा, मागं मुख्य इमारत. तिथं फोटो काढून झाला की खरी पायपीट सुरू होते, कारण विभाग, ग्रंथालय, वसतिगृह सगळं लांब लांब. तिला नव्या चपला घेऊ नकोस, रुळलेल्याच घालून येऊ दे. आणि तू आलास की तुला तिथली तळी दाखवायचीत. आवारात पडलेलं पाणी तळ्यांत न् विहिरींत अडवलंय. माणदेशी माणसानं बघावं असं काम आहे. सकाळी मोरही दिसतात.

आता माझी एक फजिती, जी तुला आजवर सांगितली नाही. १९९३ साली पहिले पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाच्या त्या ग्रंथालयात बसून थर्मोडायनॅमिक्सचं एक जाडजूड पुस्तक वहीत उतरवून काढत होतो. आकृत्यांसकट! पुस्तक खोलीवर नेता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेत पुस्तकांचं कपाट कुलपात आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात; पुस्तक मागायची सवय लागणार कुठून? शेजारी सांगलीचा एक पोरगा बसायचा. सोळाव्या दिवशी त्यानं विचारलं, "शिक्षा झालीय काय रं तुला?" मग तोच मला काउंटरवर घेऊन गेला. ओळखपत्र दाखवलं, मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का पडला आणि पुस्तक माझ्या हातात. त्या रात्री ते उशाशी घेऊन झोपलो. वही अजून आहे, बेचाळीस पानं भरलेली. मला कुणी अडवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

म्हणून सायलीनं पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाचं कार्ड काढावं. आणि तिथल्या माणसांना विचारावं, की 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधली जर्नल्स कशी उघडायची. यंदा जानेवारीपासून केंद्र सरकारनं ही सोय केलीय. जो शोधनिबंध विकत घ्यायचा तर दोन-तीन हजार मोजावे लागतात, तो सरकारी विद्यापीठातल्या पोरांना फुकट वाचता येतो. केमिस्ट्रीवाल्यांना तर हे घबाडच. पण हेही कुणी वर्गात येऊन सांगेल या भरवशावर तिनं राहू नये.

पैशाचं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, शेवटच्या तारखेची वाट न बघता. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव आणि तिचं बँकेतलं खातं आधारला जोडलंय का ते बघ. पैसे अडकतात ते बहुतेक याच कारणानं. मूळ कागद एकाच फायलीत आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. टीसी कुठंही देण्याआधी त्याची तर पाच-सहा काढ.

आता तुला राग येईल अशी गोष्ट. विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आहे, मुलींसाठीसुद्धा. ठरलेले तास काम करायचं आणि शिकायचं. मी नाव काढलं तेव्हा तू म्हणालास, "पोरगीला राबायला धाडत नाय." अरे, कर्मवीर भाऊरावांच्या फोटोला हार घालताना आपण 'कमवा आणि शिका' हेच मोठ्यानं म्हणतो की! आणि कोल्हापूर तर बोर्डिंगांचं गाव. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, ती खेड्यातल्या पोरांना इथं राहणं झेपावं म्हणूनच. हातात स्वतःचे चार पैसे असले की पोरगी बापाला फोन करताना चाचरत नाही. जावं की न जावं, ते तिला ठरवू दे.

मेसच्या जेवणाबद्दल ती पहिल्या आठवड्यात रडणार. रडू दे. आपली बाजरीची भाकरी तिथं मिळायची नाही. पुढं रविवारी आमच्या घरी येईल, सुमन करून घालील.

रॅगिंगची धास्ती वहिनींना आहे असं दिसलं. १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा फोन चोवीस तास चालू असतो, तो तिच्या मोबाइलमध्ये घालून ठेव. दुसरा १४४१६, टेलिमानसचा. मन फार उदास झालं, झोप लागेना, तर तिथं मराठीतही बोलता येतं. हसू नकोस. पहिल्या दिवाळीआधी मी दोनदा ट्रंक भरली होती, ती कशासाठी हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

बाकी हजेरी, अंतर्गत गुण वगैरे तिला वर्गात कळेलच. मला काळजी एकाच गोष्टीची. गावच्या शाळेत पहिली येणारी पोरगी इथं साठ जणांत गप्प बसते. सरांना 'कळलं नाही' म्हणायला तिची जीभ उचलत नाही, कारण आजवर तसं म्हणायची वेळच आलेली नसते. तिला घरीच सांग, की पहिल्या महिन्यात एकदा तरी हात वर करायचा. मग प्रश्न बावळट असला तरी चालेल.

आणि मोकळ्या दुपारी तिनं आवारातलं वि. स. खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय बघावं. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. केमिस्ट्रीवाले तिकडं फिरकत नाहीत, मीही एम.एस्सी. झाल्यावर बऱ्याच वर्षांनी गेलो.

संपत, त्या वर्षी तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. आबा अंथरुणाला खिळले नसते तर आपण दोघं एकाच खोलीत असतो. मला सोडायला तू आलास, ट्रंक फाटकाशी ठेवलीस आणि "गुरांना पाणी पाजायचंय" म्हणून तिथनंच माघारी फिरलास. या वेळी सायलीला सोडायला येशील तेव्हा मुक्कामाला ये. सकाळच्या गाडीनं निघा, मी स्टँडवर असतो. आधी वसतिगृहात सामान टाकू, मग ग्रंथालयात जाऊ. तूही आत चल.

येताना पाच किलो बाजरी आण. आबांना नमस्कार, वहिनींना सांग काळजी करू नका.

तुझा,
वसंता