नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं

नाशिक, १२ एप्रिल २०२६

प्रिय मने,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, "अगं त्या जॉबचं काय झालं शेवटी?" म्हणून विचारलंयस. चारदा टाइप केलं आणि चारदा खोडलं, मग म्हटलं जाऊदे, हे दोन ओळीत मावणारं नाहीये, नीट पत्रच लिहू. आज रविवार, लेक आजीकडे गेलीय, घर शांत आहे.

तर झालं काहीच नाही. हो पण नाही आणि नाही पण नाही. १८ फेब्रुवारीला शेवटचा राउंड झाला, आज ५३ दिवस झाले.

अंबड एमआयडीसीतली ती कंपनी, नाव तुला फोनवर सांगितलंच होतं. पहिला राउंड फोनवर झाला, दुसऱ्याला फॅक्टरीत बोलावलं, तिसऱ्याला म्हणाले प्रॅक्टिकल घेऊ. दोनदा आताच्या ऑफिसातल्या सरांकडून सुट्टी काढली, एकदा तर लेकीला ताप आहे असं सांगून, आणि ती ठणठणीत शाळेत गेलेली, ते बोलताना माझी जीभ किती जड झाली होती ते मलाच माहिती. प्रॅक्टिकलला एका कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसवलं, परचेस रजिस्टर आणि टूबीची, म्हणजे जीएसटी पोर्टलवर येणाऱ्या खरेदीच्या बिलांच्या यादीची, एक्सेल शीट दिली, म्हणाले मॅच करून दाखवा. आता १८ तारखेला अकाउंट्समधे काय चाललेलं असतं ते तुला सांगायला नको, आपण दोघींनी सरांकडे शेजारी बसून हेच केलंय. १४ ला टूबी येतं, २० च्या आत थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं, मधले सहा दिवस डोकं वर काढता येत नाही. आणि डेटा सॅम्पल नव्हता गं, खरा होता, जानेवारीचा, पार्टींच्या नावासकट.

मी मन लावून केलं. दहाला बसले ते एक वाजता उठले. दोन्ही याद्या जुळवायला एक्सेलचा व्हीलूकअप फॉर्म्युला लावला तर तीसेक बिलं मिसमॅच येत होती, बघते तर एका ट्रान्सपोर्टवाल्याची बिलं यांच्याकडे ०४५७ अशी बुक केलेली आणि पोर्टलवर नुसती ४५७, पुढचा शून्यच नाही. ते सगळं साफ केलं आणि त्यात सापडलं की एक बिल दोनदा बुक झालंय, एकदा शून्यासकट, एकदा शून्याशिवाय. म्हणजे त्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट दोनदा घेतलं गेलं असतं, पुढे मागे नोटीस आली असती तर व्याजासकट भरावं लागलं असतं. मी पिवळं करून दाखवलं. मॅनेजर खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले आणि म्हणाले, "मॅडम, आम्हाला अशीच माणसं हवीयेत." मग एचआरने तीन सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पॅन, आधार सगळं मेल करायला लावलं आणि म्हणाली सोमवारपर्यंत ऑफर लेटर येईल असं समजा. समजा म्हणाली. मी समजले.

पाथर्डी फाट्याला बससाठी थांबले होते तिथूनच नवऱ्याला फोन केला, झालं बरं का म्हणून. येताना पेढे घेतले नाहीत एवढंच, लेटर हातात आल्यावर घेऊ म्हटलं.

सोमवार गेला. गुरुवारी मी फोन केला तर "मॅनेजमेंटच्या अप्रूव्हलला आहे". मार्च उजाडला तेव्हा "इन प्रोसेस". मग व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका यायच्या पण उत्तर नाही, मग टिका यायच्याही बंद झाल्या. फोन वाजून वाजून कट व्हायचा. मने, मी दिवसाला वीस वीस वेळा मेल बघायचे, स्पॅमसुद्धा. अनोळखी नंबर दिसला की छातीत धस्स व्हायचं आणि तो पर्सनल लोनवाला निघायचा. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आला का गं काही निरोप?" त्यांचा हेतू चांगलाच होता पण मला ते ऐकवेना.

आणि खरा घाव तो नाहीच. त्याच आठवड्यात मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलकडून बिलिंग अकाउंट्सची ऑफर होती, २८ हजार. तुला मी मुद्दामच बोलले नव्हते. त्यांच्याकडे आठ दिवस मागून घेतले, कारण इथे तर जवळपास फायनल आहे ना. आठ दिवस त्यांनी थांबून घेतलं, नंतरही दोन दिवस दिले, मग दुसरी मुलगी घेतली. पण त्यांनी फोन करून सांगितलं गं! "आम्ही जागा भरली, तुम्ही आमच्यासाठी अडकून राहू नका," असं. मी थँक यू म्हटलं, ते खरंच मनापासून म्हटलं.

आमच्या सासूबाई म्हणाल्या ते मला फार पटलं. म्हणाल्या, आमच्या वेळी मुलगी पसंत नसली तरी "पत्रिका जुळत नाही" म्हणून चार दिवसांत निरोप जायचा, पत्रिका उघडून बघितलेलीही नसायची कधी कधी, पण मुलीच्या बापाला दुसरं स्थळ बघायला मोकळं करायचे. मला तेवढंच हवं होतं बघ, मोकळं करणं. कारण नका सांगू, माझ्यात काय कमी ते नका सांगू, पण सोडा मला.

मागच्या आठवड्यात जॉबच्या ग्रुपवर तीच जाहिरात पुन्हा आली. तीच पोस्ट, तोच अनुभव, खाली "इमिजिएट जॉइनर". असं कळलं मला.

हे असं का होतं त्याचा मी खूप विचार केला. एचआरमधल्या मुलीला मी दोष देत नाही, तिला विचारणार काय तर किती जागा भरल्या, किती जणांना 'नाही' म्हणून कळवलं हे तिला कोण विचारतंय? कन्सल्टन्सीवाल्यांना तर माणूस जॉइन झाला तरच पैसे, बाकीच्यांसाठी केलेला फोन फुकटचा. आणि मुख्य म्हणजे नोटीस पीरियड. पहिल्या पसंतीचा माणूस हो म्हणतो आणि दोन तीन महिने तिकडे नोटीस सर्व्ह करत बसतो, तेवढ्यात त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवून घेते, म्हणून मग दुसऱ्या पसंतीच्या माणसाला नाही म्हणायचंच नाही, लटकत ठेवायचं. उमेदवारही करतात असं, हो सांगून येत नाहीत, मला मान्य आहे. पण कंपनीची एक जागा रिकामी राहते आणि इकडे एका घराचा सगळा हिशोब थांबतो, हे दोन्ही सारखं कसं?

तू पाठवलेलं ते तुमच्या कॅनडातल्या ओंटारिओच्या नियमाचं वाचलं. १ जानेवारीपासून लागू झालंय ना, २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने इंटरव्ह्यू घेतला की शेवटच्या इंटरव्ह्यूपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचंच. मी कॅलेंडर घेऊन मोजलं, माझे ४५ दिवस ४ एप्रिलला संपले असते. आणि त्याच नियमांत जाहिरातीत कॅनेडियन एक्सपिरियन्स मागायला पण बंदी घातलीय हे वाचून तुझं पहिलं वर्ष आठवलं, रात्री फोन करून रडायचीस, पहिला अनुभव कुणी देईचना आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही.

आपल्याकडे माहिती अधिकारात सरकारी ऑफिसला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, २००५ पासून. गेल्या नोव्हेंबरात नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झाले, त्यात ज्याला कामावर घेतलं त्याला नियुक्तीपत्र द्यायलाच हवं असं आहे, चांगलंच आहे ते. पण ज्याला बोलावलं, तीन तास बसवलं आणि घेतलं नाही, त्याला कळवायचं बंधन कुणावरच नाही.

आता एक सांगते, हे तुलाच सांगू शकते. जानेवारीत सरांनी ऑफिससाठी एक ज्युनियर घेतली ना, तेव्हा पाच मुलींना बोलावलं होतं. सर म्हणाले होते बाकीच्यांना कळवून टाक. आणि ते चार रेझ्युमे माझ्या ड्रॉवरमधे तसेच पडून होते, पंचिंग मशीनखाली. मी विसरले नव्हते गं, टाळत होते, नाही कसं सांगायचं म्हणून. आणि इकडे मी त्या एचआरला शिव्या घालतेय.

गेल्या सोमवारी डब्याच्या आधी चौघींना फोन केले. पहिलीने उचलला नाही, तिला मेसेज टाकला. दुसरी म्हणाली मला लागली नोकरी. तिसरी नुसतं "ओके मॅम" म्हणाली, आवाज पडलेला होता. चौथी सिन्नरची, ती जरा वेळ गप्पच राहिली आणि मग म्हणाली, "मॅडम, बरं झालं सांगितलंत, मावशी पुण्याला बोलावतेय कधीची, मी तुमच्या फोनसाठी थांबले होते." एप्रिल महिना आहे मने. तीन महिने ती पोरगी माझ्या फोनसाठी सिन्नरला बसून होती. मी तिला सॉरी म्हटलं, दोनदा म्हटलं. सगळे मिळून अकरा मिनिटं लागली, कॉल लॉगमधे बघितलं मी.

सरांना सांगितलं की यापुढे इंटरव्ह्यू झाले की आठवड्याच्या आत सगळ्यांना कळवायचं, ते काम माझं. सर हो म्हणाले. तुमच्या ऑफिसातून नाही म्हणताना जो मेल जातो तो मला पाठव ना, कसं लिहितात बघायचंय. मी मराठीत करून घेते, व्हॉट्सअॅपवर जाईल एवढा छोटा, सिन्नरच्या मुलीला वाचून लगेच कळेल असा.

तुझीच,
शेजारच्या टेबलवाली