रेंगाळणारा गोल्फ

महोदय,
रविवारी सकाळी गोल्फ खेळायला जावे, तर टी-बॉक्सवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, दोन-दोन गट ताटकळलेले. पुढचे गृहस्थ तीन फुटांच्या पटसाठी (चेंडू भोकात ढकलायच्या हलक्या फटक्यासाठी) चारही बाजूंनी वाकून बघतात, ग्लोव्ह काढतात, तेवढ्यात त्यांचा फोन वाजतो! २०१९च्या नियमांनी चेंडू शोधायची मुदत पाचवरून तीन मिनिटांवर आणली, फटका ४० सेकंदांत मारावा असे सुचवले. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) जो तयार असेल त्याने आधी मारायलाही मुभा आहे. पण खेळाच्या वेगावर लक्ष ठेवणाऱ्या मार्शलने सांगायचे कुणाला? रेंगाळणारे बहुधा कमिटीतलेच. कॅडी बिचारे बॅगा सांभाळत उन्हात उभे. मागच्यांना पुढे जाऊ देण्यात कसला कमीपणा? क्लबांनी अशा गटांना निदान सुट्टीच्या दिवशी तरी सर्वांत शेवटची वेळ द्यावी.

– एक गोल्फपटू, पुणे