आधी कोंबड्या हलव

कुरुंदवाड
१० जून

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. बारा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा पाळलास, हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंस, खुराडं नदीच्या अंगाला परड्यात बांधलंय, कारण मामंजी म्हणतात २००५ ला पाणी तिथवर आलं नव्हतं. ते वाचलं आणि पोटात गोळा आला. अगं, कृष्णेकाठच्या भिलवडीत राहतेस तू.

हेच वाक्य २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरी रोज कुणी ना कुणी बोलायचं. २००५ ला पाणी आमच्या खालच्या पायरीला लागून परत गेलं होतं, म्हणून आम्ही त्या पायरीकडेच बघत बसलो. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ आहे. आम्हाला न्यायला होडी आली तेव्हा तिच्यात माणसंच मावत नव्हती, कोंबड्यांचं नाव कोण काढणार? कुत्र्या-मांजरांनी धरू नयेत म्हणून मी खुराड्याची कडी लावली आणि होडीत बसले. नऊ दिवसांनी परतलो. भिंतीवरची चिखलाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती आणि कडी तशीच लागलेली. गावठी कोंबडी झाडावर चढून बसते गं. दार उघडं असतं तर दोन-चार तरी जांभळीवर गेल्या असत्या. ती कडी मी काढून टाकली, पण हाताला अजून आठवते.

तेव्हापासून आमच्याकडे कोंबड्या माणसांच्या आधी निघतात. आपली नदी एका रात्रीत घरात शिरत नाही, चढायला दोन-तीन दिवस घेते, आणि तेवढेच दिवस आपल्या हातात असतात. ४० फुटांना इशारा देतात, मी तिथवर थांबत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याचं कळलं आणि पुलाला पाणी ३५ च्या वर गेलं, की माळ्यावरचे क्रेट खाली येतात.

क्रेट म्हणजे आपले द्राक्षांचेच. तळाला उसाचं कोरडं पाचट, म्हणजे पाय घसरत नाहीत. एका क्रेटात चार कोंबड्या, वर दुसरा क्रेट पालथा आणि चारी कोपऱ्यांना सुतळी. कोंबडा वेगळा. पाय बांधून उलट्या लटकवत नेऊ नकोस, आणि पोत्यात तर मुळीच नको. त्यांना घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकूनच अंग निववतात, पोत्यात गुदमरून मरतात. धरायच्या त्या अंधार पडल्यावर. रात्री त्यांना दिसत नाही, दोन्ही पंख दाबून उचललं की गप्प राहतात. दिवसा पळापळीत अर्धा तास जातो आणि त्या घाबरतात ते वेगळंच.

जागा मात्र आजच ठरव. जनावरांना छावणीत घेतात, कोंबड्यांना कुणी विचारत नाही. माझ्या जयसिंगपूरच्या नणंदेच्या गच्चीवर पत्र्याखाली आमची सोय आहे. तिच्याही कोंबड्या आहेत, म्हणून आमच्या लांब ठेवते. राणीखेत, म्हणजे कोंबड्यांची मर, आली तर दोन्हीकडचं खुराडं रिकामं होईल. त्यावरची लासोटाची लस पावसाआधीच देऊन घे, जनावरांच्या दवाखान्यात विचार. पंधरा दिवसांचं खाद्य झाकणाच्या डब्यात ठेव. भिजून बुरशी धरलेला मका टाकून दे, जीव तुटला तरी. तो विषच असतो.

२०२१ च्या जुलैत असेच निघालो. तेव्हा आमची कवडी कोंबडी खुडूक होती, अकरा अंड्यांवर बसून सोळावा दिवस. हे म्हणाले, अंडी राहू देत. माझ्याच्यानं होईना. बुट्टीत पाचट घातलं, अंडी ठेवली, तिला वर बसवलं आणि सासूबाईंचं जुनं लुगडं पांघरलं. टेम्पोत तासभर बुट्टी मांडीवर होती. लुगड्याखालून तिचा ऊबदार भार जाणवायचा, खड्डा आला की घशातल्या घशात कुरकुरायची. नणंदेकडे कोपऱ्यात बुट्टी ठेवली तशी ती चोचीनं अंडी पोटाखाली सारून पुन्हा बसली. पाचव्या-सहाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. खाली कुरुंदवाड पाण्यात होतं आणि मी गच्चीवर कण्या कुटत होते.

मामंजींना दुखवू नकोस, पण खुराडं रस्त्याच्या बाजूला घ्यायला सांगच. तुझ्यासाठी आठ क्रेट बाजूला काढून ठेवलेत. बेंदराला येशील तेव्हा घेऊन जा, सुतळीचा गुंडाही देते. आणि कुणाच्या घरी नेणार आहेस, ते उलट टपाली कळव.

तुझी,
मालन